अमेरिकेतील स्थलांतरविषयक वकील कसा निवडावा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. परदेशी जाऊन राहणाऱ्याच्या बाबतीत मात्र शहाण्याने वकिलाची पायरी वेळेवर चढणेच हिताचे ठरते. आपल्या धर्मप्रांतातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली शिक्षण, नोकरी किंवा विवाहाच्या निमित्ताने अमेरिकेत स्थिरावत आहेत. त्यांच्यासाठी कागदपत्रे मागण्यास पालक धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात, तेव्हा तिथला चांगला वकील कसा शोधावा हा प्रश्न हमखास निघतो. यासंबंधी आवश्यक ती माहिती आम्ही येथे एकत्रित देत आहोत.

नोटरी म्हणजे वकील नव्हे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या देशात १९५२ च्या नोटरी कायद्यानुसार नेमले जाणारे नोटरी हे सर्वसाधारणपणे अनुभवी वकील असतात. त्यामुळे नोटरीची पाटी दिसली की आपला माणूस निःशंक होतो. अमेरिकेत नोटरी पब्लिक होण्यासाठी वकील असावे लागत नाही. स्वाक्षरी साक्षांकित करणे व शपथ देणे एवढेच त्याचे काम असते आणि कायदेशीर सल्ला देण्याचा त्याला अधिकार नसतो. लॅटिन अमेरिकेत नोटरीला कायदेतज्ज्ञाचा मान असल्यामुळे तेथून आलेले हजारो स्थलांतरित या शब्दाच्या घोळात फसले आहेत. ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’, ‘व्हिसा एक्स्पर्ट’ अशा पाट्यांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

सल्ला देण्याचा अधिकार कोणाला?

अमेरिकेत हा अधिकार मुख्यत्वे दोघांना आहे. पहिला म्हणजे कोणत्याही एका राज्याची सनद असलेला वकील. स्थलांतराचा कायदा हा केंद्रीय कायदा असल्यामुळे न्यू जर्सीची सनद असलेला वकील टेक्सासमध्ये राहणाऱ्याचेही स्थलांतराचे प्रकरण चालवू शकतो. तरीही जवळचा वकील असल्यास प्रत्यक्ष भेटता येते आणि तेथील कार्यालयांची व न्यायालयाची रीत त्याला ठाऊक असते. दुसरा म्हणजे अमेरिकेच्या न्याय विभागाने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थेतील अधिकृत प्रतिनिधी. यांच्यात दोन प्रकार आहेत. अंशतः अधिकृत प्रतिनिधी केवळ गृहसुरक्षा विभागाच्या कार्यालयांसमोर काम करतो, तर पूर्णतः अधिकृत प्रतिनिधी स्थलांतर न्यायालयातही उभा राहू शकतो.

हद्दपारीच्या खटल्यात स्वतःचा वकील देण्याचा हक्क आहे. परंतु त्याचा खर्च सरकार करीत नाही. त्यामुळे वकील वेळेत शोधण्याची जबाबदारी ज्याची त्याच्यावरच येते.

शोध कोठे घ्यावा?

वकिलांच्या नोंदणीची यादी प्रत्येक राज्याच्या बारकडे किंवा न्यायालयाकडे असते व ती संकेतस्थळावर पाहता येते. वकिलाचे नाव तेथे आहे का, सनद चालू आहे का आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे अवश्य तपासावे. मान्यताप्राप्त संस्था व अधिकृत प्रतिनिधी यांची यादी, विनामूल्य सेवा देणाऱ्यांची यादी आणि कारवाई झालेल्या वकिलांची यादी अशा तिन्ही याद्या न्याय विभाग प्रसिद्ध करतो. १९४६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इमिग्रेशन लॉयर्स असोसिएशन या वकिलांच्या संघटनेमार्फतही शहरानुसार वकील शोधता येतो.

आपल्या वाचकांनी आणखी एक दार ठोठवावे, असे आम्ही सुचवितो. अमेरिकेतील काथोलिक बिशपांनी १९८८ साली ‘कॅथॉलिक लीगल इमिग्रेशन नेटवर्क’ ही संस्था सुरू केली. अनेक धर्मप्रांतांत ‘कॅथॉलिक चॅरिटीज’च्या कार्यालयांतून अल्प शुल्कात कायदेशीर साहाय्य मिळते. आपला मुलगा किंवा मुलगी तिथे ज्या चर्चमध्ये मिस्सेला जाते, तेथील धर्मगुरूंकडे चौकशी केल्यास योग्य कार्यालयाचा पत्ता मिळू शकेल. नात्यातल्याने किंवा गाववाल्याने सुचविलेल्या वकिलाचीही सनद तपासावी. ओळख ही पात्रतेची जागा घेऊ शकत नाही.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

पासपोर्ट, व्हिसा, आगमनाची नोंद, सरकारकडून आलेली सर्व पत्रे आणि पूर्वी नाकारलेले अर्ज सोबत न्यावेत. अटक झाली असेल, खोटी माहिती दिली गेली असेल किंवा मुदतीपेक्षा अधिक वास्तव्य झाले असेल, तर तेही सांगावे. डॉक्टरापासून आजार लपविणे जितके घातक, तितकेच वकिलापासून सत्य लपविणे घातक असते. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत:

१. अशा प्रकारची प्रकरणे आपण पूर्वी हाताळली आहेत का?
२. प्रत्यक्ष काम कोण करणार, आपण की आपले साहाय्यक?
३. कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत आणि प्रत्येकात धोका कोणता?
४. आपले शुल्क एकरकमी की तासावर? सरकारी शुल्क व भाषांतराचा खर्च त्यात धरला आहे का?
५. अर्ज नामंजूर झाल्यास पुढचे काम याच शुल्कात होईल का?

सर्व अटींचा लेखी करार घ्यावा आणि प्रत्येक रकमेची पावती मागावी. शक्य असल्यास दोन वकिलांना भेटूनच निर्णय करावा. वकिलाने प्रकरण स्वीकारले म्हणजे तो जी-२८ हा नमुना भरून सरकारला आपण प्रतिनिधी असल्याचे कळवितो; न्यायालयात त्यासाठी वेगळा नमुना आहे. पैसे घेऊनही ‘माझे नाव कागदावर नको’ असे जो म्हणतो, त्याच्यापासून दूर राहावे.

धोक्याच्या खुणा

निकालाची हमी देणारा, ‘आत आपला माणूस आहे’ असे सांगणारा, कोऱ्या कागदावर सही मागणारा, मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणारा किंवा अर्जाची प्रत न देणारा मनुष्य विश्वासास पात्र नाही. अमेरिकन नागरिकाने आपल्या भावासाठी किंवा बहिणीसाठी केलेल्या अर्जाचे उदाहरण घ्या. या प्रवर्गात भारतीयांना एका दशकाहून अधिक काळ वाट पाहावी लागते. ही रांग कायद्याने ठरलेली असल्यामुळे पैसे मोजून ती ओलांडून देतो म्हणणारा असत्य बोलत आहे, हे निश्चित समजावे.

सर्वांत गंभीर प्रकार आश्रयाच्या अर्जाचा आहे. काही दलाल अर्जदाराला नीट न समजावता, ‘याने वर्क परमिट मिळेल’ एवढेच सांगून, मायदेशी छळ झाल्याची रचलेली कहाणी दाखल करतात. ज्यांचा खरोखर छळ झाला आहे त्यांच्यासाठी हा मार्ग आहे व त्यांनी सर्वसाधारणपणे आगमनापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावयाचा असतो. परंतु जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचे न्यायालयात सिद्ध झाले, तर अमेरिकेतील स्थलांतराचे लाभ कायमचे बंद होऊ शकतात. अर्जाखाली सही दलालाची नसते, आपल्या मुलाची असते. खोटी शपथ हा कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय खऱ्या निर्वासिताच्या तोंडचा घास काढून घेण्याचा तो प्रकार आहे. तेव्हा सदसद्विवेकबुद्धी शाबूत असलेल्या ख्रिस्ती माणसाने या मार्गाला जाऊ नये.

मालकाचा वकील

एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांचे कागद बहुधा कंपनीचा वकील तयार करतो. दोघांचे हित एक असेपर्यंत अडचण येत नाही. नोकरी सुटली की चित्र पालटते. अशा वेळी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. वास्तव्याची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. त्या काळात स्वतःचा वकील गाठणे आवश्यक असते. १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून देश सोडल्यास ३ वर्षे आणि १ वर्ष किंवा अधिक झाल्यास १० वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. म्हणून ‘पाहू पुढे’ ही वृत्ती येथे महागात पडते.

येथील कुटुंबीयांनी काय करावे?

नावातील फरक ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे. डिमेलो, डिसोजा यांसारखी आडनावे पासपोर्टवर एका तऱ्हेने, तर शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली आढळतात. वकिलाने मागण्यापूर्वीच ही तफावत शोधून ठेवावी. सरकारी जन्मदाखला उपलब्ध नसल्यास चर्चची स्नानसंस्काराची नोंद दुय्यम पुरावा म्हणून सादर करता येते. मात्र जन्मदाखला नसल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र सोबत लागते. मराठी कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. धर्मग्रामाच्या नोंदवहीत जे आहे तेच दाखल्यावर येईल. सोयीसाठी तारीख वा नाव बदलून देण्याचा आग्रह कृपया धर्मगुरूंना करू नये.

वकिलाने फसविले तर

अर्जाची पावती-संख्या मिळताच प्रकरणाची स्थिती स्वतः पाहत जावी आणि पत्ता बदलल्यास १० दिवसांच्या आत सरकारला कळवावे. वकील बदलण्याचा व आपली फाईल मागण्याचा हक्क आपल्याला आहे. हलगर्जीपणा झाल्यास राज्याच्या बारकडे तक्रार करता येते. वकिलाच्या चुकीमुळे बंद झालेले प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी अशी तक्रार उपयोगी पडते.

इतर देशांत नियम निराळे आहेत. कॅनडात वकिलांखेरीज २०२१ पासून कार्यरत असलेल्या सल्लागारांच्या कॉलेजचे परवानाधारक सल्ला देऊ शकतात आणि क्वेबेक प्रांतात नोटरीलाही तो अधिकार आहे. ऑस्ट्रेलियात मायग्रेशन एजंटांची सरकारी नोंदणी असते. सल्लागाराचे नाव अधिकृत यादीत पाहूनच पुढे जावे, हा नियम मात्र सर्वत्र लागू आहे.

पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयीच्या आपल्या दस्तऐवजात नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले आहे. योसेफाने रातोरात बाळ व माता यांना घेऊन परक्या देशाची वाट धरली. त्याच्यावर दोन जिवांची जबाबदारी होती, म्हणून तो सावधपणे व वेळ न दवडता निघाला. दूरदेशी गेलेल्या आपल्या मुलांना तोच सावधपणा लाभो, आणि त्यांना प्रामाणिक मार्गदर्शक भेटोत, ही आमची प्रार्थना.