वर्कला कडा

वर्कला कडा : केरळ राज्याच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील, अरबी समुद्राला लागून असलेला रंगीत स्तरांचा उभा कडा. केरळचा बहुतेक किनारा सखल व वालुकामय असून येथे मात्र गाळाचे खडक थेट समुद्रावर उभे असलेले दिसतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील विल्यम किंग यांनी १८८२ मध्ये त्रावणकोर संस्थानाच्या भूविज्ञानाचे वर्णन करताना या स्तरांना ‘वर्कली’ हे नाव दिले. पुढे केरळच्या किनारी पट्ट्यातील तत्सम खडकांनाही तेच नाव मिळाले. हे खडक मायोसीन ते प्लायोसीन काळातील मानले जातात. त्यांच्याखालील कोल्लम (क्विलॉन) स्तरांतील चुनखडकांत सागरी जीवाश्म सापडतात. वर्कली स्तरांत त्यांऐवजी लिग्नाइट व वनस्पतींचे अवशेष आढळतात. यावरून समुद्र मागे हटून तेथे दलदली व खाजणे निर्माण झाली असावीत, असे अनुमान निघते.

कड्याच्या माथ्यावर जांभा व त्याखाली वालुकाश्म आणि मृत्तिका यांचे आलटूनपालटून थर आहेत. तांबडा व पिवळा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे, पांढरा केओलिनयुक्त मृत्तिकेमुळे, तर काळसर रंग कार्बनी द्रव्यामुळे आलेला आहे. जांभ्याला ‘लॅटेराइट’ ही संज्ञा फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातील अंगाडिपुरम येथील निरीक्षणांवरून १८०७ मध्ये दिली.

जांभा व वालुकाश्म यांतून झिरपलेले पावसाचे पाणी अपार्य मृत्तिकेवर अडते व झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. भिजलेली मृत्तिका निसरडी होते, पावसाळी लाटा पायथा पोखरतात आणि वरचे खडक ढासळतात. माथ्यावरील बांधकामे व सांडपाणी यांनी हा धोका वाढविला आहे. कड्याच्या पायथ्याशी असलेल्या पापनाशम पुळणीवर पितृकर्मांसाठी भाविकांची गर्दी होत असल्याने कड्याचे जतन व लोकांची सुरक्षितता यांचा मेळ घालणे अवघड ठरते. २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनाने दरडीच्या भीतीने कड्याचा काही भाग तोडला, तेव्हा सर्वेक्षण संस्थेने आक्षेप घेतला. कारण तिने हा कडा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केलेला आहे. २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वर येथील दख्खन ट्रॅपबरोबरच वर्कला कड्याचाही समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. क्षरणामुळेच उघडे पडलेले हे स्तर क्षरणामुळेच नष्टही होत असल्याने त्यांच्या सविस्तर नोंदींना विशेष महत्त्व आहे.