नाबोथियन पुटी

गर्भाशयाच्या मुखावर चिकट स्राव साठून तयार होणारी निरुपद्रवी गाठ. ती कर्करोग नव्हे आणि पुढे कर्करोगात बदलतही नाही. लाइपझिगचे शरीररचनाशास्त्रज्ञ मार्टिन नाबोथ (1675–1721) यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. 1707 मध्ये अशा पुटींचे वर्णन करताना त्या स्त्रीबीजे आहेत, असे त्यांनी समजले होते.

कारणे व स्वरूप : गर्भाशयमुखाच्या आतील अस्तरात श्लेष्मा स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. बाळंतपणानंतर, जुनाट दाहानंतर किंवा वयानुसार बाहेरचे सपाट पेशींचे अस्तर या ग्रंथींच्या तोंडावर चढते. वाट बंद झाल्याने स्राव आतच साचतो. पुटी बहुधा काही मिलिमीटरचीच असते, क्वचित काही सेंटिमीटरपर्यंत वाढते. तपासताना ती शिजलेल्या साबुदाण्यासारखी गुळगुळीत, पिवळसर-पांढरी दिसते आणि तिच्यावर बारीक रक्तवाहिन्यांच्या फांद्या दिसतात.

आरोग्यावरील परिणाम : सहसा कोणताही त्रास होत नाही. पाळी, गर्भधारणा व बाळंतपण यांत सहसा अडथळा येत नाही. अंगावरून पांढरे जाणे, कंबर किंवा ओटीपोट दुखणे याचे खापर पुटीवर फोडू नये. जंतुसंसर्ग, अंग बाहेर येणे यांसारखी खरी कारणे शोधावी लागतात.

निदान व उपचार : सोनोग्राफीत किंवा आतून केलेल्या तपासणीत ती सहज आढळते. सहसा उपचारांची गरज नसते. फार मोठी होऊन त्रास देऊ लागली, तर छेद देऊन स्राव काढतात. एवढ्यासाठी गर्भाशयाची पिशवी काढणे सर्वथा अनाठायी आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाला 2019 मध्ये समिती नेमावी लागली, हे ध्यानात ठेवावे.

महाड-पोलादपूर परिसर : रायगड जिल्ह्यातील या दोन्ही तालुक्यांच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. मात्र डोंगरवाडीवरून तेथे यायचे म्हणजे लावणी-कापणीतला दिवस मोडतो. त्यामुळे दुखणे अंगावर काढले जाते आणि अहवालात ‘पुटी’ असे आले की घरभर धास्ती पसरते. दुखणे अंगावर काढण्याचा हा प्रश्न जुना व राज्यभरचा आहे. डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या.

केंद्र शासनाच्या 2016 च्या मार्गदर्शनानुसार 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून एक मिनिटाने पाहतात. पुटीवर पांढरट छटा आली, तरी तेवढ्यावरून तपासणीत दोष आढळला असे धरत नाहीत. आशाताई किंवा उपकेंद्रातील परिचारिकेकडे याची चौकशी करता येते.

तातडीची लक्षणे : शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, दुर्गंधीयुक्त किंवा सतत पाण्यासारखा स्राव. यांपैकी काहीही असल्यास, आधी पुटीचे निदान झालेले असले तरी, डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावे.