मत मागण्याचा अधिकार

मराठीत ‘उमेदवारी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. सुताराच्या हाताखाली मुलगा चार वर्षे रंधा मारतो, ती उमेदवारी. नवा वकील जुन्या वकिलाची दप्तरे वाहतो, तीही उमेदवारी. आणि निवडणुकीचा अर्ज भरून जो आपल्या दारात हात जोडून उभा राहतो, तो करतो तीही उमेदवारीच. फारसीतील ‘उमेद’ म्हणजे आशा. म्हणून उमेदवार म्हणजे आशा धरून उभा राहिलेला माणूस. परंतु आपल्या भाषेने या आशेला शिकाऊपणाची जोड दिली. आधी हाताखाली राबावे, मग पद मागावे, असा संकेतच जणू या एका शब्दात साठवला आहे. परभणी जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या सार्वजनिक जीवनात या दोन उमेदवाऱ्यांचे नाते कसे जुळले, कसे तुटले, आणि ते पुन्हा जुळवता येईल काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पद मागणाऱ्याच्या चारित्र्याची चिंता फार जुनी आहे. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर येथे चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे, दहाव्या शतकातले शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्यांवर कोणाला घ्यावे, याचे नियम त्यांत कोरले आहेत. वय पस्तीस ते सत्तर असावे, स्वतःच्या जागेवर स्वतःचे घर असावे, गेल्या तीन वर्षांत त्याने समितीवर काम केलेले नसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशोब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घागरीत टाकीत आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढीत. एक गोष्ट मात्र विसरता कामा नये: हे गाव ब्राह्मणांचे अग्रहार होते, आणि जमीन व वेदविद्या नसलेल्याचे नाव त्या घागरीत कधीच पडत नव्हते. नियम कडक होते. दार मात्र अरुंद होते.

दुसरे उदाहरण रोमचे. तेथे पद मागणारा मनुष्य पांढराशुभ्र झगा घालून चौकात हिंडत असे. त्या शुभ्रतेवरूनच लॅटिन भाषेत उमेदवाराचे नाव पडले. ख्रिस्तपूर्व 64 साली सिसेरो कॉन्सल पदासाठी उभा राहिला, त्या वेळची एक छोटी पुस्तिका त्याचा भाऊ क्विंटस याच्या नावावर आहे. लोकांची नावे पाठ कर, दार सदैव उघडे ठेव, कोणाला तोंडावर नाही म्हणू नकोस, पुढे पाळता आले नाही तरी वचन दे, असा तिचा रोख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आपल्याला मुळीच परका वाटत नाही. उत्तिरमेरूरचा प्रश्न होता, ‘याने मागचा हिशोब दिला काय?’ रोमचा प्रश्न होता, ‘याला माझे नाव आठवते काय?’ स्थानिक निवडणुकीचा सारा इतिहास या दोन प्रश्नांमध्ये हेलकावे खात आला आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 1948 पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. 1900 च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे येथून धावू लागली, सेलू-मानवतच्या बाजारपेठा वाढल्या, कापूस दूर जाऊ लागला. पण लोकांनी निवडलेली सत्ता मात्र आली नाही. ब्रिटिश हद्दीत रिपन साहेबांच्या 1882 च्या ठरावानंतर लोकल बोर्डे उभी राहिली. टिळक 1895 साली पुण्याच्या नगरपालिकेत निवडून गेले, पुढे गोखले तिचे अध्यक्ष झाले. आमच्याकडे त्या काळी कारभारी नेमले जात होते, पाटीलकी वारशाने जात होती, दरबारची भाषा उर्दू होती. सभा भरवायची तर आधी परवानगी हवी. ‘गश्ती निशाण 53’ हे परिपत्रक त्या पिढीला तोंडपाठ होते. संस्थानात राजकीय परिषद भरविणे अशक्य, म्हणून हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने काकिनाडा, मुंबई, पुणे आणि अकोला अशी हद्दीबाहेर झाली.

अशा मुलखात निवडणुकीची उमेदवारी नव्हती, पण शिकाऊपणाची उमेदवारी भरपूर होती. वाचनालय काढणे, खाजगी शाळा चालविणे, गणेशोत्सवात मेळा उभा करणे, पटकी-प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करणे, एवढीच सार्वजनिक कामाची दारे उघडी होती. या कामांत मान थोडा आणि जोखीम फार. 1937 साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होते. अध्यक्षस्थानी परभणीचे वकील गोविंदराव नानल होते. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. त्या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात हिप्परगा आणि अंबाजोगाई येथले शिक्षक. विद्यार्थ्यांना शिकवीत असताना आपण मते गोळा करीत आहोत, असे त्यांच्या मनातही आले नसेल. मत नावाची वस्तू तेव्हा या मुलखात सामान्य माणसाजवळ नव्हतीच. म्हणून त्या पिढीच्या चारित्र्याला एक सोपी कसोटी लागू पडते: ज्या कामाच्या मोबदल्यात काहीच मिळण्याजोगे नव्हते, ते काम त्यांनी केले.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि 1952 च्या प्रारंभी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळाले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेले. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. ज्याला अक्षरओळख नव्हती त्यालाही आपले मत गुप्तपणे देता येत होते. मुक्तिलढ्याचे सारे तेज तेव्हा काँग्रेसच्या बाजूला होते. तरीही परभणीच्या लोकसभा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले.

या निकालाचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. कुळाच्या हक्काचा, लेव्हीच्या धान्याचा, सावकारी कर्जाचा प्रश्न तेव्हा प्रत्येक घरात धुमसत होता. तो प्रश्न घेऊन जो खळ्यावर, बाजाराच्या दिवशी, मारुतीच्या पारावर जाऊन बसला, त्याचे ऐकले गेले. मागच्या त्यागाचा मान लोकांनी ठेवला, पण त्या मानाला त्यांनी मत मानले नाही. तुरुंगवास ही एक उमेदवारी. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याची अडचण समजून घेणे ही दुसरी. पहिली पुरी केली म्हणून दुसरी माफ होत नाही, हा धडा परभणीच्या मतदाराने पहिल्याच परीक्षेत दिला.

1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. वसंतराव नाईक यांच्या समितीने अहवाल दिला, 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. शाळा, दवाखाना, रस्ता, पाझर तलाव यांचा कारभार निवडलेल्या माणसांच्या हाती आला. स्वतः नाईक पूर्वी पुसदच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. शेजारच्या नांदेडच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद शंकरराव चव्हाणांनी सांभाळले होते. विलासराव देशमुख पुढे बाभळगावचे सरपंच म्हणून सुरुवात करणार होते. तिघेही राज्याचे मुख्यमंत्री झाले. नळाला पाणी का आले नाही, हा प्रश्न ज्याला रस्त्यात अडवून विचारला जातो, त्याला राज्यकारभाराचे पहिले पाठ तेथेच मिळतात.

जिल्हा परिषदेचा गट किंवा पंचायत समितीचा गण म्हणजे काही मोजकी गावे. नगरपालिकेचा प्रभाग म्हणजे काही गल्ल्या. एवढ्या लहान क्षेत्रात भाषणाचा प्रभाव थोडा आणि पायांचा प्रभाव फार. उमेदवार दारात येतो तेव्हा तो मतदाराला पाहतो, तसाच मतदारही त्याला न्याहाळतो. हा अंगणातच उभा राहतो की ओसरीवर टेकतो? दिलेले पाणी पितो काय? घरच्या बाईशी बोलतो की फक्त कर्त्या पुरुषाशी? दलित वस्तीत किती वेळ थांबतो? तक्रार ऐकताना त्याचे लक्ष घड्याळाकडे असते काय? ध्वनिक्षेपकाची गाडी या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही. घरोघरचा प्रचार ही चारित्र्याची तोंडी परीक्षा असते आणि परीक्षक प्रत्येक उंबरठ्यावर बदलतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेतलाच पाहिजे. जुन्या गावात ‘चांगला माणूस’ म्हणजे पुष्कळदा चांगल्या घरचा माणूस. पाटील-देशमुखांच्या वाड्याला चारित्र्य आपोआप चिकटे आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला ते आयुष्यभर सिद्ध करावे लागे. ज्या शिकाऊ उमेदवारीचे मी कौतुक केले, तिची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. वाचनालयाची पायरी चढू न दिलेला माणूस वाचनालय कसे काढणार? गावची सभा जिने कधी पाहिलीच नाही ती बाई सभेत कशी शिकणार? 1978 साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात कितीतरी गावांत दलितांची घरे जळाली, हे आपण विसरू शकत नाही. गावची एकजूट म्हणजे न्याय नव्हे, हे त्या वर्षाने दाखविले.

म्हणूनच बिनविरोध निवडणुकीचे सरसकट कौतुक मला पटत नाही. भांडण टळले, खर्च वाचला, हे खरे. पण कोणाला गप्प बसवून ते टळले, हे विचारले पाहिजे. 2021 च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाल्याचे दिसून आले. लिलावाचा पैसा देवळाला लागो की शाळेला, ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची उमेदवारी त्या बोलीतच संपते. आणि घरोघर फिरणे हे तर गरिबाचे एकमेव हत्यार आहे. त्याच्यापाशी वाडा नाही, गाडी नाही, पाय आहेत.

बंद दारे उघडण्याचे काम कायद्याने आणि चळवळीने मिळून केले. शेतकरी संघटनेचे अधिवेशन 1984 मध्ये परभणीत भरले. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचा प्रचंड मेळावा झाला आणि त्यानंतर काही गावांत स्त्रियांनी आपली पॅनेले उभी केली. जळगाव जिल्ह्यातील विटनेरला पंचायत सर्वस्वी स्त्रियांची झाली. 1993 मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. 2011 मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. कित्येक ठिकाणी बाई खुर्चीवर आणि कारभार नवऱ्याच्या हाती, असे झाले व होते. परंतु सुताराकडे पहिल्या दिवशी आलेला मुलगा पाट वाकडाच करतो. त्याला हाकलून दिले तर सुतार कधीच तयार होत नाही. ज्यांना पदापूर्वी शिकू दिले नाही, त्यांना पदावर शिकण्याची सवड देणे हे समाजाचे देणेच आहे.

मात्र शिकायचे तर परीक्षा वेळेवर झाली पाहिजे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या निवडणुका 1962, 1967 आणि 1972 साली झाल्या. नंतर 1979, आणि त्यानंतर थेट 1992. पाच वर्षांची मुदत तेरा वर्षांवर गेली. घटनादुरुस्तीने हे थांबेल असे वाटले होते. तरीही 2022 नंतर राज्यातील बहुसंख्य महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा आरक्षणाच्या वादात अडकून वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. प्रशासक कार्यक्षम असेलही. पण त्याला कोणाच्या उंबरठ्यावर जावे लागत नाही. आणि ज्या तरुणाने वॉर्डात चार-पाच वर्षे राबून उमेदवारी केली, त्याने त्या श्रमाचे काय करावे? निवडणूक लांबते तेव्हा पायी फिरणारा थकतो. पैसेवाला मात्र टिकून राहतो.

निजामाच्या काळात आमच्या जिल्ह्यात शिकाऊ उमेदवारी होती, निवडणुकीची नव्हती. आज निवडणुकीची उमेदवारी सुलभ झाली, शिकाऊ उमेदवारी दुर्मिळ होत चालली. दोन्ही अवस्था अपुऱ्या आहेत. त्या जुळवण्याचे काम कायदा करू शकत नाही. ते मतदारानेच करावयाचे आहे, आणि त्याला विद्वत्ता लागत नाही. पुढच्या वेळी कोणी हात जोडून दारात आला, तर त्याला ओसरीवर बसवावे, पाणी द्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात. अर्ज भरण्यापूर्वी या गल्लीत तू शेवटचा कधी आला होतास? ज्यात काही मिळण्यासारखे नव्हते असे कोणते काम तू केलेस? आणि पूर्वी कोणाचा पैसा, कोणाची संस्था तुझ्या हाती होती, तिचा हिशोब कुठे आहे?

त्याने उत्तरे दिली तर मत द्यावे की न द्यावे, हे आपले आपण ठरवावे. प्रश्नांचा त्याला राग आला तर ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही.