पात्र कुणाचं, पेन्सिल कुणाची?

आज गोष्ट बीआरबी इंतेर्नासिओनाल या स्पॅनिश कंपनीची. 1972 साली क्लाउदिओ बिएर्न बॉइड यांनी ती सुरू केली. सुरुवातीचा धंदा काय, तर दुसऱ्यांच्या कार्टून पात्रांचे हक्क विकायचे. पात्र परक्याचं, आपण नुसते एजंट. मी सर्व्हिस कंपनीत कोड लिहितो, त्यामुळे हे दुखणं लगेच कळलं. राबायचं आपण, प्रॉडक्ट क्लायंटचं.

पुढे त्यांनी गणितच उलटं केलं. मालिका आपली, चित्रं काढणारे बाहेरचे. 'दार्ताकान' घ्या: ड्युमाचे मस्केटिअर्स, पण सगळी कुत्री, आणि ॲनिमेशन जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनचं. मग 'विली फॉग': ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांची सफर, नायक सिंह. (व्हर्नचा फॉग मुंबईतही उतरतो बरं का!) इतक्या जुन्या कादंबऱ्या निवडल्या की लेखकाच्या हक्कांची कटकटच नको. भारी डोकं!

1985 सालचा 'डेव्हिड' मात्र नव्या डच पुस्तकावरचा. जंगलातला बुटका डॉक्टर, कोल्ह्यावर बसून फिरतो. शेवटच्या भागात 400 वर्षांचं आयुष्य संपतं आणि तो नि बायको लिसा, दोघं झाडं होतात. मी यूट्यूबवर पाहिलं, इंजिनिअर झाल्यावर, तरी गलबललो.

ही झाडं कागदावर उतरवली तैवानमधल्या स्टुडिओने. म्हणजे तिथेही आपल्यासारखेच कुणीतरी, परक्या क्लायंटच्या डेडलाइनवर.

बिएर्न बॉइड 2022 मध्ये गेले. त्याच्या आदल्याच वर्षी दार्ताकानचा नवा सिनेमा आला होता.