सुताची गुंडी आणि निवडणुकीचा सरकारी खर्च

विधानसभेच्या उमेदवाराच्या प्रचाराचा काही भार राज्याने उचलावा, ही कल्पना भारतीय कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने अल्पांशाने आली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये ‘७८ क’ आणि ‘७८ ख’ ही कलमे घालून मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना मतदारयाद्यांच्या प्रती विनामूल्य देण्याची आणि केंद्र सरकार ठरवील त्या अन्य वस्तू पुरवण्याची तरतूद झाली. आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या वर्धा जिल्ह्यातील चारही मतदारसंघांत, महाराष्ट्रातील इतर मतदारसंघांप्रमाणेच, उमेदवाराला २०२२ पासून चाळीस लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो; तो त्याने किंवा त्याच्या पाठीराख्यांनीच उभा करायचा असतो आणि सरकारकडून त्याला रोकड मिळत नाही. मदत द्यायची तर ती पैशाच्या नव्हे, वस्तूच्या रूपात, हा आग्रह आला कोठून, हाच या कुळकथेतील खरा प्रश्न आहे.

या कल्पनेचे परदेशी टप्पे सर्वज्ञात आहेत. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे ती मांडली आणि पश्चिम जर्मनीने १९५९ पासून पक्षांना थेट अनुदान दिले. भारतात न्यायमूर्ती वांच्छू यांच्या अध्यक्षतेखालील प्रत्यक्ष कर चौकशी समितीने १९७१ मध्ये काळ्या पैशावर उपाय म्हणून पक्षांना सरकारी अनुदान सुचवले, आणि बहुतेक अभ्यासक भारतीय शाखेचा आरंभ येथेच मानतात. मात्र वांच्छू समितीचा प्रस्ताव पक्षाला पैसा देण्याचा होता. १९९० ची दिनेश गोस्वामी समिती आणि १९९८ ची इंद्रजित गुप्ता समिती यांनी इंधन, कागद, ध्वनिक्षेपक, मतदारयादी अशा वस्तू सुचवल्या. एका मुळातून इतकी वेगळी फांदी फुटली असे मानणे कठीण आहे.

या दोन टोकांमध्ये तारकुंडे समिती उभी आहे. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ मध्ये नेमलेल्या या समितीने १९७५ च्या अहवालात राज्याने उमेदवाराला काही सोयी पुरवाव्यात असे सुचवले. सासवडचे वि. म. तारकुंडे हे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी असल्याने या विचाराचे मूळ रॉयवादात शोधता येते, कारण रॉय यांच्या १९४४ च्या संविधान-मसुद्यात लोकसमित्यांवर उभारलेल्या राज्यव्यवस्थेची कल्पना आहे. हा दावा दुबळा नाही. तरीही रॉय यांचा भर सत्तेच्या रचनेवर होता, वर्गणी कोणत्या रूपात द्यावी यावर नव्हता.

मदतीच्या रूपाचा विचार वर्ध्याकडे नेतो. वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांच्या १९४६ च्या गांधीवादी संविधानाच्या पुस्तकात, ज्याला गांधीजींची प्रस्तावना आहे, प्रौढ मतदारांनी फक्त ग्रामपंचायत निवडावी आणि वरच्या पंचायती तिच्यातून घडाव्यात अशी योजना आहे. असे झाले तर विस्तीर्ण मतदारसंघातील खर्चिक प्रचाराची गरजच उरत नाही. मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या ज्या संमेलनातून सर्वोदय समाज उभा राहिला, त्यात जयप्रकाश सहभागी होते, आणि १९५९ मध्ये त्यांनी राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेची जी मांडणी केली, तिची ठेवण याच योजनेशी जुळते. हा मेळ योगायोगाचा नसावा.

वस्तुरूप मदतीचा धागा त्याहून जुना आहे आणि तो शब्दशः सुताचा आहे. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने सभासदत्वाची वर्गणी रोख न ठेवता दरमहा दोन हजार वार सूत अशी ठरवली. वर्षभरातच, सप्टेंबर १९२५ मध्ये, चार आण्यांचा पर्याय परत आला आणि काँग्रेसपुरता हा प्रयोग आटोपला, पण वर्धा जिल्ह्यात तो टिकला. पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या, तेथे दर १२ फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळ्यात स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी, म्हणजे ६४० तारांची लड, अर्पण करण्याची ‘सूतांजली’ विनोबांनी रूढ केली. तिच्यामागे नेमका राजकीय अर्थ होता: प्रत्येक गुंडी हे सर्वोदयाला दिलेले एक मत होय आणि म्हणून एका माणसाची एकच गुंडी. घरोघर मूठभर धान्य साठवणारे ‘सर्वोदय पात्र’ हेही याच विचाराचे रूप होते.

येथे प्रतिपक्ष विचारील की दिल्लीतल्या समितीचा चरख्याशी संबंध काय, कारण गुप्ता समितीने पूर्ण सरकारी खर्च न सुचवण्यामागे देशाची आर्थिक स्थिती हे व्यावहारिक कारण दिले होते. आक्षेप रास्त आहे, पण आर्थिक तंगीने मदतीची मात्रा ठरते, तिचे रूप ठरत नाही. रोकड भ्रष्ट करते आणि वस्तूचा हिशेब उघड राहतो, ही धारणा जयप्रकाशांच्या पिढीने रचनात्मक कार्यातूनच सार्वजनिक जीवनात आणली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

तथापि या वारशाचा अर्धाच भाग कायद्यात उतरला. सूतांजलीत वस्तूइतकेच महत्त्व सामान्य माणसाच्या छोट्या दानातून सिद्ध होणाऱ्या संमतीला होते. गुप्ता समितीने मात्र मदत केवळ मान्यताप्राप्त पक्षांपुरती ठेवली आणि अपक्षांना, म्हणजे पक्षाऐवजी लोकांनीच उभ्या केलेल्या, जयप्रकाशांच्या कल्पनेतील लोकउमेदवारालाही, वगळले. हरवलेला हा अर्धा भाग अमेरिकेतील मेन राज्यात दिसतो. तेथे १९९६ च्या सार्वमताने झालेल्या आणि २००० च्या निवडणुकीपासून वापरात आलेल्या कायद्यानुसार राज्य विधिमंडळाचा उमेदवार आपल्या मतदारसंघातील ठराविक संख्येच्या मतदारांकडून प्रत्येकी पाच डॉलर गोळा करतो आणि मगच सरकारी प्रचारनिधीस पात्र ठरतो. त्यासाठी पक्षाच्या मान्यतेची अट नाही. मेनने हा नियम पवनारकडून घेतला असे कोणी म्हणणार नाही, पण दोन्हींचे तत्त्व एकच आहे.

विधानसभा प्रचाराच्या सरकारी खर्चाचा नवा कायदा जेव्हा होईल, तेव्हा त्यात मदत वस्तुरूपाने द्यावी, पात्रता छोट्या वर्गणीदारांच्या संख्येवर ठरवावी आणि अपक्षाला तीच कसोटी लावून समान दार उघडावे. या तिन्ही अटी एकत्र आल्याशिवाय सरकारी पैसा प्रस्थापित पक्षांचाच खर्च हलका करील.