खडकवाटांवरील मोटारचालन, मोॲब परिसरातील

खडकवाटांवरील मोटारचालन : बांधीव रस्ता नसलेल्या, तीव्र चढउताराच्या उघड्या खडकावरून चारही चाकांना शक्ती पुरविणारे वाहन सावकाश नेण्याचा प्रकार. मोटारींच्या शर्यतींशी त्याचे साम्य थोडेच आहे; येथे ताशी चार-पाच किमी. वेगही पुष्कळदा अधिक ठरतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील यूटा राज्याच्या आग्नेय भागात कोलोरॅडो नदीकाठी वसलेले मोॲब हे गाव या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र होय. मात्र त्याभोवतालच्या बहुतेक जुन्या वाटा मौजेखातर पाडलेल्या नाहीत. वसाहतकार, गुरेपालक आणि युरेनियमचे शोधक यांनी निकडीपोटी त्या काढल्या व टाकून दिल्या. हौशी चालक त्यांवर नंतर आले. पुढे या प्रदेशात ‘रस्ता’ कशाला म्हणावे याविषयी जो दीर्घ वाद उद्‌भवला, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

मोॲबलगतचा उघडा खडक प्रामुख्याने नॅव्हाहो वालुकाश्म आहे. सु. १९ कोटी वर्षांपूर्वीच्या विस्तीर्ण वाळवंटातील वालुकागिरी घट्ट होऊन तो बनला. त्यामुळे त्याचे घुमट, कणे व उतार आजही वाळूच्या टेकड्यांसारखे गोलसर दिसतात. इंग्रजीत त्याला ‘स्लिकरॉक’ म्हणजे ‘निसरडा खडक’ म्हणतात. लोखंडी नाल मारलेल्या घोड्यांचे पाय व गाड्यांच्या लोखंडी धावा त्यावरून घसरत, म्हणून हे नाव पडले. रबरी टायरच्या दृष्टीने मात्र ते अगदी चुकीचे आहे. कोरड्या वालुकाश्माचा पृष्ठभाग काचकागदासारखा खरखरीत असल्याने रबर त्याला विलक्षण घट्ट धरते. ज्या उतारावर मनुष्य हात टेकून चढेल, तेथे जीप सरळ चढून जाते ती या गुणामुळे.

चाकांची वाहने असल्या प्रदेशातून नेण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मोटारींच्या आधीचा आहे. १८७९ च्या अखेरीस मॉर्मन पंथाच्या सु. २५० स्त्री-पुरुष व मुलांचा तांडा ऐंशीहून अधिक गाड्या व गुरे घेऊन नैर्ऋत्य यूटातून सॅन हुआन नदीच्या खोऱ्यात वसाहत करण्यास निघाला. सहा आठवड्यांचा समजलेला प्रवास जवळजवळ सहा महिने चालला. कोलोरॅडो नदीच्या उंच कड्यातील एक अरुंद फट (‘होल इन द रॉक’) त्यांनी सुरुंग लावून रुंद केली आणि २६ जानेवारी १८८० रोजी तीतून गाड्या उतरविण्यास प्रारंभ केला. नदीपर्यंतचा उतार सु. ३०० मी. होता. मागची चाके साखळ्यांनी जखडून व पाठीमागून दोरांनी माणसे ओढून धरीत एकेक गाडी खाली सोडण्यात आली. एके ठिकाणी तर कड्यात भोके पाडून त्यांत लाकडी खुंट ठोकले व त्यांवर लाकडे, दगड व झाडोरा रचून बाहेरच्या चाकासाठी धार तयार केली. एप्रिल १८८० मध्ये थकलेल्या तांड्याने नियोजित स्थळाअलीकडेच ब्लफ हे गाव वसविले. पुढे ग्लेन कॅन्यन धरणाच्या पॉवेल सरोवरात या उताराचा खालचा भाग बुडाला. नदीच्या पूर्वेकडील वाट मात्र जीपवाल्यांच्या परिचयाची झाली.

त्यानंतर गुरेपालकांनी कड्यांवरून जनावरांच्या वाटा पाडल्या. मोॲबच्या नैर्ऋत्येस शेफर कुटुंबाने वापरात आणलेली पायवाट ही त्यांपैकी प्रमुख होय. या वाटांचे रूप पालटले ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे दुसऱ्या महायुद्धासाठी तयार झालेली जीप. सु. १,१०० किग्रॅ. वजनाच्या व साठ अश्वशक्तीच्या या गाडीत नेहमीच्या गिअरपेटीला जोडून दुसरी पेटी होती. तिच्यामुळे पुढच्या चाकांना शक्ती मिळे आणि चाकांची गती घटवून ओढ जवळजवळ दुप्पट करता येई. विलिस कंपनीने १९४५ मध्ये तिची नागरी आवृत्ती विक्रीस आणली.

दुसरी गोष्ट युरेनियमची. अण्वस्त्रांसाठी देशांतर्गत पुरवठा हवा म्हणून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९४८ पासून धातुकाला हमीभाव व नव्या साठ्यांच्या शोधास बक्षिसे देऊ केली, तसेच खाणींपर्यंत रस्ते काढून दिले. जुलै १९५२ मध्ये चार्ल्स स्टीन या कर्जबाजारी भूवैज्ञानिकाला मोॲबच्या आग्नेयीस लिस्बन दरीत समृद्ध साठा लागला. छिद्रणातून निघालेला काळा दगड त्याला ओळखता आला नव्हता आणि गायगर गणित्र घेण्याइतके पैसेही त्याच्यापाशी नव्हते. सिस्को या खेड्यात दुसऱ्याच्या गणित्रासमोर तो दगड धरला, तेव्हा काटा टोकाला गेला. या वार्तेने शोधकांची झुंबड उडाली. १९५० मध्ये सु. १,३०० असलेली मोॲबची लोकसंख्या १९६० पर्यंत सु. ४,७०० झाली. बुलडोझरांनी पठारभर वाटा ओरबाडल्या. शेफर वाट धातुकाच्या ट्रकांसाठी रुंद झाली आणि तिच्याखालच्या टप्प्यावरून सु. १६० किमी. लांबीचा व्हाइट रिम रस्ता निघाला. या भरभराटीची किंमत खाणकामगारांनी, विशेषतः नॅव्हाहो जमातीच्या कामगारांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने मोजली. त्यांच्या नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९९० साल उजाडले.

शासनाची खरेदी घटू लागली तशी शोधकांची रीघ ओसरली. वाटा मात्र राहिल्या. आर्चेस उद्यानाचे अधीक्षक बेट्स विल्सन यांनी पाहुण्यांना जीपमधून या ओसाड घळयांत फिरविले. १९६४ मध्ये कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे या फेऱ्यांचा मोठा वाटा होता. १९६७ मध्ये मोॲबच्या व्यापारी मंडळाने ईस्टरच्या सुमारास ‘जीप सफारी’ भरविली. एका दिवसाचा हा उपक्रम पुढे नऊ दिवसांचा मेळावा बनला. १९८४ मध्ये गावातील युरेनियमची गिरणी बंद पडल्यावर तर पर्यटन हाच गावाचा मुख्य आधार ठरला.

चालनाचे तंत्र तांड्याच्या तंत्राशी आश्चर्यकारक जुळते. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबणे धोक्याचे असते, कारण चाक जखडले की गाडी वळविता येत नाही. म्हणून सर्वांत खालच्या गिअरात एंजिनाच्या रोधावरच गाडी उतरवितात. जखडलेल्या चाकांनी व दोरांनी तांड्याने साधले ते येथे एंजिन साधते. चढ व उतार शक्य तो सरळ रेषेत घ्यावा लागतो. आडवी गाडी कलंडते. टायरमधील हवा कमी केली की रबर पसरून खडकाच्या उंचवट्यांना बिलगते. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये न घेता चाक त्यावरच चढवितात, म्हणजे तळाची यंत्रणा आपटत नाही. नेहमीच्या गाडीत एक चाक अधांतरी झाले, तर विभेदक दंतचक्रामुळे ते तेवढेच गरगरते व गाडी अडते. म्हणून दोन्ही बाजूंची चाके एकत्र जखडण्याची सोय करतात. कॅन्यनलँड्समधील एलिफंट हिलची वाट याची कसोटीच आहे. पायऱ्यांसारखे खडक व इतके आवळ वळण, की वाटेचा एक तुकडा गाडी उलटी चालवूनच पार करावा लागतो. अशा जागी एकजण खाली उतरून हातांच्या खुणांनी चालकाला दिशा देतो. अनुभवी चालकही या साहाय्यावाचून पुढे जात नाहीत.

वालुकाश्मावर टायरचे काळे डाग उमटतात, पण खडक बहुधा टिकतो. खरी हानी त्यामधल्या मातीची होते. येथील वाळूवर नीलहरित शैवले, दगडफूल व शेवाळ यांची काळसर साय असते. ती वाळूचे कण बांधून ठेवते व जमिनीला नायट्रोजन पुरविते. एकदा चाकाखाली चिरडलेली ही साय भरून येण्यास दशके लागतात. म्हणून वाट सोडून एक मीटर बाजूस जाणे हे येथे किरकोळ मानता येत नाही.

वादाचा कायदेशीर गाभा याहून जुना आहे. १८६६ च्या खाण कायद्यातील एका कलमाने सार्वजनिक जमिनीवर रस्ते काढण्याचा हक्क दिला होता. १९७६ मध्ये ते कलम रद्द झाले, तरी आधी सिद्ध झालेले हक्क कायम राहिले. उलट, १९६४ च्या वन्यभूमी कायद्याखाली संरक्षणासाठी प्रदेश सामान्यतः रस्तेविरहित असावा लागतो. परिणामी युरेनियमच्या शोधात बुलडोझरने एका दुपारी ओढलेली रेघ ‘रस्ता’ ठरली, तर भोवतालच्या पठाराचे भवितव्य बदलते. कॅन्यनलँड्समधील सॉल्ट क्रीकच्या पात्रातून जाणाऱ्या जीपवाटेवर सॅन हुआन काउंटी व यूटा राज्य यांनी हक्क सांगितला. परंतु उद्यान स्थापन होण्यापूर्वी सलग दहा वर्षे सर्वसामान्य लोकांचा वापर होता हे सिद्ध न झाल्याने २०१४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो फेटाळला. राज्याने २०१२ मध्ये सु. १२,००० वाटांसाठी दावे दाखल केले होते. २०२३ मध्ये भूमी व्यवस्थापन खात्याने मोॲबच्या वायव्येकडील लॅबिरिंथ कॅन्यन व जेमिनी ब्रिजेस परिसरातील सु. ५१० किमी. वाटा मोटारींना बंद केल्या. त्या निर्णयालाही राज्य व जीपचालक संघटना यांनी आव्हान दिले.