पंजाबची फुलकारी आणि मराठवाड्यातील बंजारा भरतकाम : एक तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या वस्त्रकलेचा इतिहास म्हटले की पैठणी आणि हिमरू ही नावे प्रथम समोर येतात. या वस्त्रांना राजाश्रय लाभला, श्रीमंतांची मागणी लाभली आणि त्यामुळे त्यांची नोंदही झाली. माग हे उत्पादनाचे साधन मानले गेले. सुई मात्र घरातील फावल्या वेळेचे साधन समजली गेली. परिणामी स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या घरात, ओसरीवर व तांड्यावर केलेले भरतकाम आर्थिक इतिहासातून वगळले गेले आणि सांस्कृतिक इतिहासातही त्याला एखाद्या परिच्छेदापलीकडे स्थान मिळाले नाही. पंजाबातील फुलकारी ही सुईची कला घरातून निघून जागतिक बाजारपेठेपर्यंत पोहोचली. तिच्या या प्रवासातून मराठवाड्यातील बंजारा भरतकामाकडे पाहण्याची एक दृष्टी मिळू शकते. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन परंपरांचा तुलनात्मक विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१. फुलकारीचे तंत्र, प्रकार व सामाजिक स्थान समजून घेणे.
२. फुलकारीच्या व्यापारीकरणाचे टप्पे तपासणे.
३. मराठवाड्यातील बंजारा भरतकामाची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडणे.
४. आधुनिक पेहरावातील वापरामुळे या कलांवर झालेल्या परिणामांची चर्चा करणे.

गृहीतक : घरगुती उपयोगासाठी निर्माण झालेली स्त्रियांची कला बाजारात आली की तिचे नाव टिकते, परंतु तंत्र व कारागीर स्त्री मागे पडते.

अभ्यासपद्धती : ऐतिहासिक, वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतींचा अवलंब केला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे.

फुलकारी : साहित्य व तंत्र

फुलकारी म्हणजे फुलांचे काम. घरी कातलेल्या सुताचे जाडेभरडे कापड, म्हणजेच खद्दर, आणि पीळ न दिलेला चमकदार रेशमी धागा, म्हणजेच पट, ही या कलेची दोन मुख्य द्रव्ये होत. हातमागावरील कापडाचा पन्हा अरुंद असल्याने दोन किंवा अधिक पट्ट्या जोडून ओढणी तयार केली जाई. गडद लाल, विटकरी किंवा निळ्या कापडावर सोनेरी, पिवळा, केशरी, पांढरा व हिरवा धागा उठून दिसे. खद्दर गावात विणले जाई. रेशीम मात्र काश्मीर, अफगाणिस्तान, बंगाल व चीनमधून येत असे. अगदी घरगुती वाटणारी ही कला दूरवरच्या व्यापाराशी जोडलेली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

फुलकारीचा टाका कापडाच्या उलट बाजूने घातला जातो. कापडावर नक्षी आखलेली नसते. स्त्री ताणा-बाण्याचे धागे मोजत जाते आणि सुलट बाजूला लांब, सपाट टाके उमटत जातात. एकाच रंगाचा धागा आडव्या, उभ्या व तिरक्या दिशेने भरला की त्यावर पडणाऱ्या प्रकाशामुळे दोन छटांचा भास होतो. म्हणजे या कलेचे सौंदर्य जितके बोटांत, तितकेच मोजणीत आहे. अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनी शेकडो धाग्यांचा हिशेब मनात ठेवून भूमितीच्या आकृत्या साकारल्या, ही गोष्ट पुरेशा गांभीर्याने पाहिली गेलेली नाही.

प्रकार व सामाजिक स्थान

कापडावर फुले सुटी विखुरलेली असतील तर ती फुलकारी आणि जमीन दिसणार नाही इतके भरतकाम असेल तर तो बाग, असा स्थूल भेद केला जातो. ‘चोप’ हे वस्त्र नातीच्या लग्नासाठी आजोळी, आईची आई तयार करीत असे. ते दोन्ही बाजूंनी सारखे दिसेल अशा टाक्याने भरले जाई. ‘वरी दा बाग’ हे सासरकडून नव्या सुनेला मिळे. मुलगा जन्मला की त्याच्या भावी वधूसाठी त्याची तयारी सुरू होई. पांढऱ्या जमिनीची ‘थिरमा’, गुरुद्वारात अर्पण करण्याचे ‘दर्शन द्वार’ आणि माळवा भागातील ‘सैंची’ हे इतर उल्लेखनीय प्रकार होत. सैंचीमध्ये माणसे, जनावरे, जाते, दागिने, इतकेच नव्हे तर आगगाडीही दिसते. ग्रामीण स्त्रीने आपल्या डोळ्यांसमोर बदलणारा काळ सुईने नोंदवला, असे सैंचीबाबत म्हणता येईल.

बागेत एखाद्या कोपऱ्यात मुद्दाम रंग बदललेला किंवा नक्षी मोडलेली आढळते. कामाला दृष्ट लागू नये, हा त्यामागील हेतू. महाराष्ट्रात तान्ह्या बाळाला तीट लावतात तोच हा भाव होय. त्याचप्रमाणे मराठी लग्नातील रुखवतात मांडलेली तोरणे, पडदे व रुमाल हीसुद्धा वधूच्या हस्तकौशल्याची जाहीर साक्ष असे. दोन्ही ठिकाणी स्त्रीचे कौशल्य कुटुंबाची प्रतिष्ठा ठरले, पण श्रम म्हणून त्याची मोजदाद झाली नाही.

घरातून बाजाराकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फुलकारीकडे युरोपीय ग्राहकांचे लक्ष गेले. प्रदर्शने भरली, अमृतसरच्या व्यापाऱ्यांना मागण्या येऊ लागल्या आणि ओढणीसाठीचे भरतकाम पडद्यांसाठी व टेबलावरील आच्छादनांसाठी होऊ लागले. फ्लोरा ॲनी स्टील यांनी १८८८ मध्ये ‘जर्नल ऑफ इंडियन आर्ट’मध्ये फुलकारीवर लेख लिहिला. तो या कलेच्या प्रारंभीच्या लिखित नोंदींपैकी महत्त्वाचा मानला जातो. मागणीबरोबर नक्षी व रंग ग्राहकाच्या पसंतीने ठरू लागले. आजोळच्या मायेने वर्षानुवर्षे चालणारे काम मुदतीत पूर्ण करण्याचे काम बनले.

दुसरा आघात १९४७ च्या फाळणीचा. रावळपिंडी, झेलम, सियालकोट हे फुलकारीचे समृद्ध प्रदेश पाकिस्तानात गेले. निर्वासित कुटुंबांनी सोबत आणलेल्या बागा अनेकदा पोटासाठी विकल्या गेल्या. पुढे निर्वासित व ग्रामीण स्त्रियांना रोजगार देण्याच्या हेतूने शासकीय व सहकारी प्रयत्नांतून फुलकारीचे पुनरुज्जीवन झाले; पतियाळा हे त्याचे एक प्रमुख केंद्र ठरले. २०१०-११ मध्ये पंजाब, हरियाणा व राजस्थान या राज्यांसाठी फुलकारीला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

पंजाब व मराठवाडा

पंजाब व मराठवाडा यांचे नाते जुने आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. शिंपी कुळातील नामदेव पंजाबात घुमान येथे राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि तेथील छिंबा म्हणजे शिंपी व रंगारी समाज त्यांना आपले मानतो. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निर्वाण झाले. तथापि, फुलकारीला मराठवाड्यात जवळचा शोध घ्यायचा असेल तर तो यात्रेच्या वाटेवर न घेता तांड्याच्या वाटेवर घेणे अधिक योग्य ठरते.

बंजारा भरतकाम

परभणी जिल्ह्यात, विशेषतः जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागात, बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येने आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदेशी नेणे हा या समाजाचा पूर्वापार व्यवसाय. त्यालाच लदेणी म्हणत. मोगल, मराठे व इंग्रज या सर्वांच्या फौजांना दख्खनमध्ये रसद पुरविण्याचे काम बंजाऱ्यांनी केले. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्ली यांच्या पत्रव्यवहारात त्यांचे वारंवार उल्लेख येतात. याच मोहिमेतील असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्यात झाली. पक्के रस्ते व रेल्वे आल्यावर लदेणी संपली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या धोरणाने भटक्या समूहांवर संशयाचा शिक्का बसला. पुढे १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, परंतु स्थिर उपजीविकेचा प्रश्न सुटला नाही.

सतत फिरणाऱ्या समाजाची संपत्ती अंगावरच असते. बंजारा स्त्रीचा फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे पाठ उघडी असलेली चोळी आणि डोक्यावरील ओढणी यांवर आरसे, कवड्या, नाणी, मणी, लोकरीचे गोंडे आणि रंगीत ठिगळांची जोड यांचा मुक्त वापर दिसतो. पाण्याच्या घागरीखालील कवड्यांची चुंबळ व तिला जोडलेला भरतकामाचा पट्टा, तसेच लग्नविधीतील चौकोनी पिशव्या हीसुद्धा याच कलेची रूपे होत. आईने लेकीला हे काम शिकवावे आणि लेकीने लग्नात आपला पोशाख घेऊन सासरी जावे, ही रीत होती.

साम्य व भेद

फुलकारी शेतकरी समाजाची, तर बंजारा भरतकाम फिरस्त्या व्यापाऱ्यांचे. फुलकारीत कापड झाकणारा रेशमी टाका प्रधान, तर बंजारा कामात टाक्यांबरोबर जोडकाम व आरसे प्रधान. फुलकारीचे कापड घरच्या चरख्यातून येई. बंजारा स्त्रीचे कापड, आरसे व मणी बाजारातून येत. मात्र दोन्ही कला आईकडून मुलीकडे गेल्या, दोन्ही विवाहाशी जोडल्या गेल्या आणि दोन्हींत कापड मोजून, दुमडून, टाके मोजून नक्षी साधली गेली.

महत्त्वाचा भेद इतिहासाच्या नोंदीत आहे. पंजाबच्या फुलकारीला संग्राहक, संग्रहालये व शासन मिळाले. बंजारा कामाच्या बाबतीत कर्नाटकातील संडूर येथे संघटित प्रयत्न झाले आणि संडूर लंबाणी भरतकामाला भौगोलिक निर्देशांक लाभला. २०२३ मध्ये जी-२० बैठकीच्या निमित्ताने हंपी येथे या भरतकामाच्या वस्तूंचे विक्रमी प्रदर्शनही झाले. महाराष्ट्रात वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही स्वागतार्ह बाब होय. परंतु संग्रहालय जुना फेटिया जपते. तो शिवणारे हात जपण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते.

आधुनिक पेहराव व कलेपुढील प्रश्न

सलवार-कमीज या पेहरावाला मराठीत ‘पंजाबी ड्रेस’ हेच नाव रूढ झाले. महाविद्यालयीन विद्यार्थिनींमध्ये हा पोशाख स्थिरावला आणि त्यासोबत फुलकारीची ओढणीही आली. एकरंगी, साध्या कुर्त्यावर भरगच्च ओढणी घेणे, जाकिटाला किंवा कुर्त्याच्या बाह्यांना बागेचा तुकडा लावणे, उरलेल्या तुकड्यांच्या बटव्या करणे अशी तिची नवी रूपे दिसतात. पोशाखात एकच भरलेले वस्त्र ठेवून बाकीचे साधे ठेवावे, हा संकेत मूळ परंपरेशी सुसंगतच आहे.

प्रश्न निर्माण होतो तो तंत्राचा. जॉर्जेट व शिफॉन या तलम कापडांचे धागे मोजता येत नाहीत. म्हणून नक्षी छापून सुलट बाजूने भरली जाते किंवा यंत्राने काढली जाते. रेशमाची जागा कृत्रिम धाग्याने घेतली. छापील कापडही फुलकारी या नावाने विकले जाते. हातकामाची ओळख पटवायची असेल तर कापड उलटून पाहावे. मोजून भरलेल्या फुलकारीच्या उलट बाजूस धाग्याचे लहान ठिपके दिसतात, तर यंत्राच्या कामात खालच्या दोऱ्याचे दाट जाळे असते.

बंजारा कामाचे दुखणे निराळे आहे. तांड्यावरील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात आणि हंगाम संपल्यावर परततात. कोयता हातात असलेल्या स्त्रीला सुई धरण्यास सवड नसते. तरुण स्त्रिया साडी किंवा पंजाबी ड्रेस वापरतात. पारंपरिक पोशाख होळी, तीज व लग्नापुरता उरला आहे. जुने फेटिये व्यापारी विकत घेतात, कापतात आणि त्यांच्या पिशव्या व उशांचे अभ्रे करून पर्यटकांना विकतात. मोठ्या शहरांत व गोव्याच्या बाजारात त्या वस्तूला किंमत येते. ते वस्त्र जिने शिवले तिचे नाव त्या वस्तूबरोबर जात नाही.

निष्कर्ष :

१. फुलकारी व बंजारा भरतकाम या दोन्ही परंपरा स्त्रियांच्या अलिखित ज्ञानाच्या परंपरा असून त्यांतील मोजणी, रचना व रंगज्ञान अभ्यासास पात्र आहे.
२. व्यापारीकरणाने फुलकारी नष्ट झाली नाही. तथापि कामाचा वेग, द्रव्य व टाका बदलला. नाव टिकले, तंत्र आक्रसले. गृहीतकाला यातून पुष्टी मिळते.
३. भौगोलिक निर्देशांक नावाचे संरक्षण करतो. कारागीर स्त्रीला योग्य मोबदला मिळण्यासाठी तिच्या संघटनेची व थेट विक्रीची जोड आवश्यक आहे.
४. बंजारा भरतकामाचा प्रश्न स्थलांतराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. वर्षाचे सहा महिने फडात जात असतील तर केवळ प्रशिक्षण शिबिरांनी कला जगणार नाही.
५. देवगाव फाटा, सेलू व जिंतूर परिसरातील महाविद्यालयांत बंजारा समाजातील विद्यार्थी शिकत आहेत. इतिहास, गृहविज्ञान व मराठी विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या आज्यांकडून टाक्यांची नावे, वस्त्रांचे प्रकार व त्यामागील प्रसंग गोरबोलीतच नोंदवून घेतले तर स्थानिक इतिहासाचे एक मौलिक साधन तयार होईल. हे ज्ञान कागदावर नाही, वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे. त्यामुळे हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.